मर्केल सेल कार्सिनोमा : न दुखणारी गाठ, तिच्यातला विषाणू आणि नवे उपचार

पेशीजाल

त्वचेचा कॅन्सर म्हटलं की मेलानोमाचं नाव चटकन तोंडी येतं. मर्केल सेल कार्सिनोमा हे नाव मात्र घरात कुणाला झाल्याशिवाय सहसा कानावर पडत नाही. अमेरिकेत वर्षाला साधारण तीन हजार रुग्ण सापडतात, म्हणजे लाखात एकापेक्षाही कमी. पण आजार जहाल आहे. ज्यांना होतो त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश लोक त्यातून वाचत नाहीत. मेलानोमात हे प्रमाण याहून बरंच कमी आहे.

मी रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, रुग्ण तपासत नाही. त्यामुळे उपचारांवर या चर्चामंचावरच्या डॉक्टर मंडळींनीच बोलावं. मला सांगायचंय ते या गाठीच्या आत काय चालतं ते. दोन अगदी वेगळ्या वाटांनी पेशी बिघडते, पण शेवटी दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात. आज जे औषध लागू पडतंय, त्याचं कारणही तिथेच आहे.

फ्रीडरिश मर्केल या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने १८७५ मध्ये त्वचेतल्या स्पर्श टिपणाऱ्या पेशींचं वर्णन केलं. कॅन्सरची नोंद जवळजवळ शंभर वर्षांनी झाली. सिरिल टोकर यांनी १९७२ मध्ये पाच रुग्णांवरून एका वेगळ्याच त्वचाकर्करोगाचं वर्णन केलं. पुढे सहा वर्षांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या गाठींमध्ये मर्केल पेशींत असतात तसे बारीक कण दिसले आणि आजाराला त्यांचं नाव मिळालं.

खरी उलथापालथ २००८ मध्ये झाली. पिट्सबर्ग विद्यापीठात युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांची प्रयोगशाळा आहे. कापोसी सार्कोमा या कॅन्सरमागचा हर्पिस जातीचा विषाणू १९९४ मध्ये याच दोघांनी शोधला होता. मर्केलचा कॅन्सर एड्सच्या आणि अवयवरोपण झालेल्या रुग्णांत जास्त दिसतो हे तोवर माहीत झालेलं होतं. प्रतिकारशक्ती खालावल्यावर जो कॅन्सर डोकं वर काढतो, त्यामागे जंतू असण्याचा संशय घ्यावाच लागतो. त्यांनी गाठींमधल्या आरएनएचे लाखो तुकडे वाचले. त्यातला माणसाच्या जनुकांशी जुळणारा प्रत्येक तुकडा संगणकावर वजा केला आणि उरलं काय ते पाहिलं. उरलेल्यांत एक तुकडा पॉलिओमा कुळातल्या विषाणूंशी जुळला. त्याचा माग काढत अख्खा नवा विषाणू हाती आला. तपासलेल्या दहापैकी आठ गाठींत तो होता. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, बहुतेक गाठींत तो पेशीच्या डीएनएत एका ठराविक जागी शिरलेला होता आणि गाठीतल्या सगळ्या पेशींत ती जागा तीच होती. म्हणजे विषाणू गाठीत मागाहून आलेला नव्हता. पहिल्या पेशीत तो आधी शिरला, आणि मग त्या पेशीची गाठ झाली.

या विषाणूचा डीएनए म्हणजे जेमतेम ५,४०० अक्षरांचं एक वर्तुळ. माणसाचा डीएनए तीनशे कोटी अक्षरांचा. एवढ्याशा विषाणूला स्वतःची वाढ करायला लागणारी यंत्रणा नसते, म्हणून तो आपल्या पेशीला विभाजनाला लावतो. त्यासाठी त्याच्याकडे दोन प्रथिनं आहेत : मोठं टी अँटिजन आणि छोटं टी अँटिजन.

आपल्या पेशीत आरबी नावाचं एक प्रथिन आहे. विभाजन सुरू करणाऱ्या जनुकांना ते गाडीच्या ब्रेकसारखं थोपवून धरतं. मोठं टी नेमकं आरबीला जाऊन चिकटतं आणि त्याला निकामी करतं. छोटं टी दुसरीकडून काम करतं. ते एल-मिक या प्रथिनाला आणि पंधराएक प्रथिनांच्या एका मोठ्या गटाला एकत्र आणतं आणि वाढीची अनेक जनुकं एकदम चालू करतं. त्यातलंच एक एमडीएम२. ते पी५३ या रखवालदार प्रथिनाला नष्ट करतं. पी५३ जागेवर असतं तर पेशीतला गोंधळ ओळखून त्याने तिला मरायला लावलं असतं.

पण इथे एक अडचण आहे. धडधाकट मोठं टी अँटिजन विषाणूच्या प्रती काढायला बसतं. विषाणू आपल्या गुणसूत्रात अडकलेला असताना हे सुरू झालं तर डीएनएच्या चिंधड्या होतील आणि पेशी मरेल. म्हणून या गाठींमधलं मोठं टी नेहमी तुटकं सापडतं. आरबीला धरणारा पुढचा भाग शाबूत, प्रती काढणारा मागचा भाग गायब. विषाणूच्या दृष्टीने हा शेवट आहे, तो आता दुसऱ्या कुणाकडे जाऊ शकत नाही. पेशीच्या दृष्टीने मात्र इथूनच कॅन्सर सुरू होतो.

आता दुसरी वाट. युरोप-अमेरिकेत साधारण ८० टक्के गाठींत हा विषाणू सापडतो. उरलेल्यांत विषाणू नाही, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी केलेलं नुकसान आहे, तेही प्रचंड. विषाणू असलेल्या गाठीच्या तुलनेत तिथे जवळजवळ शंभर पट म्युटेशन्स, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांचे बदल, दिसतात. सी हे अक्षर जाऊन टी आलेलं, ही अतिनील किरणांची ओळखीची खूण जागोजागी असते. ऑस्ट्रेलियात गोरी कातडी आणि कडक ऊन एकत्र आलेले असल्यामुळे अशा गाठींचंच प्रमाण जास्त आहे. या गाठींत मोडलेलं काय असतं? आरबी आणि पी५३. जे विषाणूने दोन प्रथिनांत साधलं, तेच उन्हाने हजारो म्युटेशन्स करत करत साधलं.

आणि दोन्ही तऱ्हेच्या गाठी टी पेशींना, म्हणजे बिघडलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशींना, परक्या दिसतात. एकीत विषाणूची प्रथिनं आहेत, दुसरीत म्युटेशन्समुळे बदललेली आपलीच प्रथिनं. प्रतिकारशक्तीकरवी कॅन्सरवर मारा करणारी इम्युनोथेरपी इथे इतकी लागू पडते ती यामुळे. त्यावर डॉक्टरांनी लिहावं ही विनंती.

शतपावली

फार सविस्तर आणि समजेल असं लिहिलंय, आभार. एक शंका. हा विषाणू एकापासून दुसऱ्याला होतो का? रुग्णाच्या जखमेची पट्टी घरातली माणसं बदलतात. त्यांनी काही काळजी घ्यायची का? आणि लस आहे का?

पेशीजाल

हा प्रश्न आला ते बरं झालं, कारण या भीतीने रुग्णाला वेगळं ठेवल्याचे प्रकार होतात. बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या रक्तात या विषाणूच्या अँटिबॉडीज सापडतात. तो लहानपणीच कधीतरी येतो, काही लक्षण देत नाही आणि त्वचेवर मुक्कामाला राहतो. म्हणजे रुग्णाकडून तुम्हाला नवीन काही मिळणार नाही, तुमच्याकडे तो बहुधा आधीपासून आहे. शिवाय गाठीतला विषाणू तुटका असतो, हे वर सांगितलंच. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला होत नाही. पट्टी बदलताना इतर कुठल्याही जखमेला घेतो तेवढीच स्वच्छता घ्यायची.

वापरात असलेली लस नाही. तो विषाणू असलेल्या कोट्यवधी लोकांपैकी मोजक्यांना हा कॅन्सर का होतो, याचं उत्तर दोन अपघातांत आहे. एक म्हणजे विषाणूचा डीएनए आपल्या गुणसूत्रात शिरणं आणि दुसरा म्हणजे मोठं टी नेमक्या जागी तुटणं. दोन्ही एकाच पेशीत घडावे लागतात आणि वर ती पेशी टी पेशींच्या नजरेतून सुटावी लागते. म्हणूनच वयस्कर लोकांत आणि प्रतिकारशक्ती दबलेल्यांत हा जास्त होतो. पण हेही सांगते, की दहातल्या नऊ रुग्णांची प्रतिकारशक्ती तपासण्यांत ठीकच असते. "माझी तब्येत उत्तम आहे, मला कसा होईल" असं म्हणून गाठ अंगावर काढू नये.

कोजागिरी

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. या शेवटच्या वाक्यालाच धरून लिहिते.

गाठ दिसते कशी? लालसर किंवा जांभळट, घट्ट, गुळगुळीत, किंचित चमकदार. बहुतेक वेळा चेहऱ्यावर, मानेवर, टाळूवर, हातापायांवर, म्हणजे ऊन लागतं तिथे. पण झाकलेल्या भागावरही होते. दुखत नाही आणि दाबली तरी हुळहुळत नाही. मात्र वाढते भराभर. दोन-तीन महिन्यांपूर्वी नव्हती आणि आता बोराएवढी आहे, असं रुग्ण सांगतात. रुग्ण बहुतेक करून पन्नाशीपुढचा असतो.

यावर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला १९५ रुग्णांचा अभ्यास आहे. त्यात निम्म्याहून जास्त गाठी पाहताक्षणी डॉक्टरांना साध्या वाटल्या होत्या. सगळ्यात जास्त वेळा अंदाज होता सिस्टचा, म्हणजे पिशवीसारख्या साध्या गाठीचा. यात डॉक्टरांचा निष्काळजीपणा असतोच असं नाही. गाठ खरोखरच निरुपद्रवी दिसते. म्हणून दिसण्यावर न जाता वेगावर जावं. न दुखणारी गाठ आठवड्या-आठवड्याला वाढत असेल तर तिचा तुकडा तपासायलाच हवा. गळू दुखतं, गरम लागतं, पिकतं, फुटतं. यातलं काहीच होत नाही आणि गाठ तर वाढतेय, मग ते गळू नाही.

उंबरठा

माझ्या वडिलांचं असंच झालं. गालावर कानाजवळ गाठ होती. एका डॉक्टरांनी गळू समजून आधी अँटिबायोटिक दिलं, मग चिरा देऊन पाहिला. पू निघालाच नाही. पुन्हा गोळ्या. तोवर गाठ दुप्पट झाली होती. बाबा म्हणायचे, दुखत नाही तर कशाला काळजी करता. शेवटी दुसरीकडे गाठ काढली. काढतानाही सिस्ट म्हणूनच काढली. काल रिपोर्ट हातात पडला तर हे नाव.

रिपोर्टवर लिहिलंय : सीके२० पॉझिटिव्ह, ठिपक्यासारखा, टीटीएफ-१ निगेटिव्ह, सिनॅप्टोफायसिन पॉझिटिव्ह, कडेपर्यंत गाठ आहे. याचा अर्थ कुणी सांगेल का? नेटवर कुठेतरी पाच वर्षं जगण्याचं प्रमाण १४ टक्के असं वाचलं, तेव्हापासून घरात कुणाला झोप नाही.

सूक्ष्मदर्शी

उंबरठा, रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो. मी पॅथॉलॉजिस्ट आहे.

काचपट्टीवर ही गाठ निळीशार दिसते. लहान गोल पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या असतात. पेशीत केंद्रकच सगळी जागा व्यापतं, भोवती द्रव्य अगदी थोडं. केंद्रकातलं क्रोमॅटिन बारीक दाणेदार असतं आणि विभाजन होत असलेल्या पेशी जिकडे बघावं तिकडे दिसतात. अडचण अशी की फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर त्वचेत पसरला तर तोही हुबेहूब असाच दिसतो. लिम्फोमा आणि मेलानोमाही कधी कधी फसवतात.

म्हणून विशेष रंग वापरतो. सीके२० हे पेशीच्या सांगाड्यातलं केराटिन. मर्केलमध्ये ते पेशीभर पसरत नाही, केंद्रकाच्या शेजारी एका जागी गोळा होतं. भिंगाखाली प्रत्येक निळ्या केंद्रकाला टेकून एक तपकिरी ठिपका दिसतो. हे एकदा पाहिलं की विसरत नाही. टीटीएफ-१ फुप्फुसाच्या स्मॉल सेलमध्ये बहुतेक वेळा पॉझिटिव्ह येतं, तुमच्याकडे निगेटिव्ह आहे. म्हणजे फुप्फुसातून आलेली गाठ नाही. सिनॅप्टोफायसिन ही चेतासंस्थेशी नातं सांगणाऱ्या पेशींची खूण. तिन्ही मिळून निदान पक्कं होतं.

"कडेपर्यंत गाठ आहे" याचा अर्थ काढलेल्या तुकड्याच्या कडेवर कॅन्सरपेशी आहेत, म्हणजे काही आत राहिल्या असणार. साधी गाठ समजून काढली की असं होतंच. पुढची शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन त्यासाठी असतं.

पेशीजालना एक पुस्ती जोडतो. ही गाठ मर्केल पेशीपासून निघते असं बरीच वर्षं धरून चाललो, पण ते आता मला पटत नाही. मर्केल पेशी विभाजन थांबवून बसलेल्या असतात आणि त्यांची जागाही वरच्या थरात, एपिडर्मिसच्या तळाशी. गाठ मात्र बहुधा खालच्या थरात, डर्मिसमध्ये वाढते.

पेशीजाल

सहमत आहे, थोडी भर घालते. २०२० मध्ये एक अनोखी गाठ अभ्यासली गेली. तिच्यात ट्रायकोब्लास्टोमा, म्हणजे केशमुळाची साधी गाठ, आणि मर्केल कार्सिनोमा शेजारी शेजारी होते. म्युटेशन्स दोन्हींत सामाईक होती, विषाणू मात्र फक्त मर्केलच्या भागात होता. म्हणजे केशमुळाच्या पेशीवंशात विषाणू शिरून हा कॅन्सर झाला. निदान काही रुग्णांत तरी हे असं घडतं. उन्हाच्या वाटेच्या गाठींत तर कधी कधी वर सुरुवातीचा स्क्वेमस, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा, कॅन्सर आणि खाली मर्केल असं सापडतं, दोन्हींची म्युटेशन्स एकाच मुळाची. तेव्हा त्या गाठी त्वचेच्या नेहमीच्या पेशींपासूनच आल्या म्हणायच्या. मुळं वेगवेगळी, पण बाहेर पडणारी गाठ भिंगाखाली एकसारखी. आरबी आणि पी५३ दोन्ही गेले की पेशी या चेतासंस्थेसारख्या रूपाकडे झुकते. फुप्फुसाच्या स्मॉल सेलमध्येही हीच दोन जनुकं मोडलेली असतात, त्यामुळे ते साम्य योगायोगाचं नाही.

मेघश्याम

मी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट आहे. उंबरठा, आधी त्या १४ टक्क्यांबद्दल. तो आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या वडिलांचा नाही. ९,३८७ रुग्णांच्या नोंदींवरून तो काढलेला आहे आणि निदानाच्या वेळीच दूरच्या अवयवांत पसरलेल्यांचा तो आकडा आहे. त्याच नोंदींत आजार त्वचेपुरताच असलेल्यांचं प्रमाण ५१ टक्के आहे आणि लसिका ग्रंथींत (नोडमध्ये) पोचलेल्यांचं ३५ टक्के. आणखी महत्त्वाचं म्हणजे हे रुग्ण इम्युनोथेरपी येण्याआधीच्या काळातले, आणि यात वयामुळे इतर आजारांनी गेलेलेही धरलेले आहेत. आज परिस्थिती बदललेली आहे.

आधी स्टेज ठरवायची. गाठ दोन सेंटिमीटर किंवा त्याहून लहान, आणि ग्रंथी कोऱ्या, तर पहिली स्टेज. त्याहून मोठी तर दुसरी. ग्रंथींत गेली तर तिसरी, दूरच्या अवयवांत गेली तर चौथी. यासाठी पेट स्कॅन करतात. पण स्कॅन कोरा आला म्हणून ग्रंथी कोऱ्या आहेत असं धरायचं नाही. हाताला ग्रंथी लागत नाहीत अशा रुग्णांतही सेंटिनेल नोड बायोप्सी केली की साधारण तिघांतल्या एकात कॅन्सरपेशी सापडतात. गाठीच्या जागेतून लसिका ज्या ग्रंथीकडे सर्वांत आधी वाहत जाते ती सेंटिनेल. गाठीच्या जागी किरणोत्सारी द्रव्य टोचून ती शोधतात, काढतात आणि सीके२० लावून तपासतात. हा आजार नोडकडे फार लवकर जातो, म्हणून ही पायरी टाळू नये.

गाठीच्या जागी एक ते दोन सेंटिमीटर कड ठेवून शस्त्रक्रिया आणि त्यानंतर रेडिएशन, हा पाया. मर्केलच्या पेशी रेडिएशनला फार संवेदनशील असतात. म्हणून चेहऱ्यावर, जिथे डोळा, नाक किंवा चेहऱ्याची नस जवळ आहे तिथे रुंद कड मिळवण्यासाठी चेहरा विद्रूप करण्याची गरज नसते. थोडी कमी कड आणि वर रेडिएशन, हा चांगला पर्याय आहे. शस्त्रक्रिया झेपणारच नाही अशा वृद्ध रुग्णांत नुसत्या रेडिएशननेही गाठ आटोक्यात येते. एकच गोष्ट पाळावी : जखम भरली की रेडिएशनला उशीर नको. ही गाठ वाट बघत नाही.

आता पसरलेल्या आजाराबद्दल. पूर्वी सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिनबरोबर इटोपोसाइड, अशी किमो देत असू. निम्म्याहून जास्त रुग्णांत गाठी झपाट्याने विरघळायच्या. नातेवाईक आनंदून जायचे आणि काही महिन्यांत सगळं परत यायचं. ते बघणं फार जड जायचं. किमोने माणूस बरा होतोय असं क्वचितच घडलं.

मार्च २०१७ मध्ये अमेरिकेत एव्हेलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाला मंजुरी मिळाली. या आजारासाठी मंजूर झालेलं ते पहिलं औषध. त्याच्या चाचणीतल्या ८८ रुग्णांची किमो आधीच निष्फळ ठरली होती, तरी साधारण एक तृतीयांशांत गाठी आकसल्या. प्रतिसाद टिकला हे जास्त मोलाचं, काहींचा वर्षानुवर्षं. डिसेंबर २०१८ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब आलं. किमो न झालेल्या रुग्णांना ते पहिल्यापासून दिलं तर निम्म्याहून अधिकांत प्रतिसाद मिळाला. २०२३ मध्ये रेटिफॅनलिमॅबची भर पडली. किमोचा नंबर आता मागे गेला आहे.

शस्त्रक्रियेच्या आधी निव्होलुमॅबचे दोन डोस देऊन पाहिलेली एक चाचणी आहे. त्यात ३६ जणांची शस्त्रक्रिया झाली आणि जवळजवळ निम्म्यांच्या काढलेल्या तुकड्यात जिवंत कॅन्सर उरलाच नव्हता.

शतपावली

इम्युनोथेरपी म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवणं, असंच ना? मग प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्या आणि काढे सुरुवातीपासून घेतले तर काही फायदा होईल का?

पेशीजाल

नाही, आणि हे ठामपणे सांगते. टी पेशी गाठीत पोचलेल्या असतात, विषाणूचं प्रथिन त्यांनी ओळखलेलंही असतं. पण त्यांच्या पृष्ठभागावर पीडी-१ नावाचं प्रथिन असतं. गाठीतल्या पेशी पीडी-एल१ दाखवून त्याला जोडतात आणि टी पेशीला "थांब" असा संदेश जातो. सतत हा संदेश मिळून टी पेशी थकतात. वर सांगितलेली औषधं म्हणजे ही जोडणी अडवणाऱ्या अँटिबॉडीज. पेम्ब्रोलिझुमॅब पीडी-१ला धरतं, एव्हेलुमॅब पीडी-एल१ला. कुठल्याही गोळीने किंवा काढ्याने ही जोडणी सुटत नाही. उलट काही काढ्यांनी यकृताला त्रास होतो आणि मग तो औषधाचा दुष्परिणाम की काढ्याचा, हे डॉक्टरांना कळेनासं होतं.

मेघश्याम

अगदी बरोबर, आणि दुष्परिणामांचं इथेच सांगून टाकतो. सुटलेल्या टी पेशी आपल्याच अवयवांवर घसरू शकतात. थायरॉइड बिघडणं नेहमीचं, ते गोळ्यांनी सांभाळता येतं. पण आतडं, फुप्फुस, यकृत यांची सूज गंभीर होऊ शकते. उपचार चालू असताना वारंवार जुलाब झाले, नव्याने धाप लागली किंवा डोळे पिवळे दिसले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करायचा. वेळेत स्टिरॉइड सुरू केलं की बहुतेक वेळा निभावतं. घरी जुलाबाच्या गोळ्या देऊन दोन दिवस काढले की अवघड होतं.

रानजाई

माझ्या आईचं मूत्रपिंड बदललेलं आहे, शरीराने ते नाकारू नये म्हणून ती औषधं घेते. तिला हाच आजार झालाय, एका नोडमध्ये आहे. आमच्या डॉक्टरांनी इम्युनोथेरपीबद्दल विचारल्यावर "सोपं नाही" एवढंच सांगितलं. का सोपं नाही?

मेघश्याम

रानजाई ताई, कारण नवं मूत्रपिंडही टी पेशींना परकंच आहे. ते आजवर टिकलं ते त्या गोळ्यांनी टी पेशी दाबून ठेवल्यामुळे. पीडी-१ची अडवणूक काढली तर टी पेशी गाठीबरोबर मूत्रपिंडावरही तुटून पडू शकतात, आणि हा धोका लहान नाही. मूत्रपिंड गेलं तर डायलिसिसचा आधार तरी आहे. हृदय किंवा यकृत बदललेल्यांना तोही नाही.

आईंचा आजार नोडपर्यंतच असेल तर शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांवर आधी पूर्ण भर देता येतो, इम्युनोथेरपीचा प्रश्न लगेच येणार नाही. दरम्यान नेफ्रॉलॉजिस्ट आणि ऑन्कॉलॉजिस्ट यांना एकत्र बसवा. गोळ्यांचं प्रमाण थोडं उतरवता येईल का, किंवा सिरोलिमससारख्या औषधावर जाता येईल का, हे ते दोघं मिळूनच ठरवू शकतात. एकाने दुसऱ्याला न विचारता काही बदलायचं नाही. आणि आईंनी स्वतःहून एकही गोळी बंद करायची नाही.

रानजाई

आता कळलं. दोघांची एकत्र वेळ घेते. इतके दिवस "सोपं नाही" या दोन शब्दांवर आम्ही अंदाज बांधत होतो.

कोजागिरी

उपचारानंतरच्या तपासण्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. हा आजार साधारण ४० टक्के लोकांत परततो, आणि परततो तेव्हा बहुतेक करून पहिल्या तीन वर्षांतच. त्यामुळे तो काळ दर काही महिन्यांनी पूर्ण त्वचा आणि ग्रंथी तपासून घ्यायच्या, गरजेप्रमाणे स्कॅन. विषाणूच्या टी अँटिजनविरुद्धच्या अँटिबॉडीजची एक रक्ततपासणी आहे. निदानाच्या वेळी साधारण निम्म्या रुग्णांत त्या सापडतात. उपचारानंतर त्यांचं प्रमाण उतरतं, आणि पुन्हा चढू लागलं तर स्कॅन लवकर करायचा इशारा समजायचा. ही तपासणी सगळीकडे होत नाही. पण करायची तर निदानानंतर लगेच, म्हणजे तुलनेसाठी पहिला आकडा हाती राहतो. रक्तात फिरणारा गाठीचा डीएनए मोजण्याची तपासणीही आता वापरात येतेय, ती विषाणू नसलेल्या रुग्णांनाही चालते.

सूक्ष्मदर्शी

एक प्रश्न आहे पेशीजालना. काही रुग्णांत इम्युनोथेरपी पहिल्यापासून चालतच नाही, काहींत चालून थांबते. गाठीत विषाणू तर तसाच असतो. मग टी पेशींना तो दिसेनासा का होतो?

पेशीजाल

पेशीच्या आतलं प्रथिन टी पेशीला थेट दिसत नाही. एचएलए नावाच्या रेणूंवर त्याचा तुकडा ठेवून पेशी तो पृष्ठभागावर दाखवते. मर्केलच्या बऱ्याच गाठी हे एचएलए पृष्ठभागावरून कमी करून टाकतात. विषाणूचं प्रथिन आत तसंच असतं, त्याच्याशिवाय पेशी जगत नाही. प्रयोगशाळेत दोन्ही टी अँटिजन बंद पाडले तर विषाणू असलेल्या पेशींची वाढ खुंटते आणि त्या मरू लागतात. म्हणून ते टाकून देता येत नाही, फक्त दाखवायचं बंद करता येतं.

यात आशेची गोष्ट अशी की बहुतेक वेळा एचएलएची जनुकं मोडलेली नसतात, नुसती मिटवून ठेवलेली असतात. इंटरफेरॉनने, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच एका संदेशवाहक प्रथिनाने, किंवा मिटलेली जनुकं उघडणाऱ्या, हिस्टोन डीअ‍ॅसिटिलेज रोखणाऱ्या औषधांनी पेशींवर एचएलए परत येतं, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. रुग्णांत त्याचा उपयोग किती होतो यावर काम चालू आहे. मला स्वतःला पुढची वाट इथेच दिसते. नवं लक्ष्य शोधत बसण्यापेक्षा जे लक्ष्य प्रत्येक पेशीत पक्कं बसलेलं आहे, ते पुन्हा उघडं करणं जास्त पदरात पाडेल.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना आकड्यांचं सांगितलं, काल पहिल्यांदा नीट जेवले. पेट स्कॅन झाला, त्यात कुठे काही नाही. सर्जन म्हणतात, आधी कड रुंद करून घेऊ, नोडचं नंतर बघू. हे चालेल का? आम्ही विचारायला गेलो तर त्यांना राग येईल का, अशी धास्ती वाटते.

मेघश्याम

विचारा, जरूर विचारा. सेंटिनेल नोड कड रुंद करण्याच्या आधी किंवा त्याच शस्त्रक्रियेत शोधायला हवा. रुंद छेद घेऊन त्वचा सरकवून शिवली की लसिका वाहण्याच्या वाटा बदलतात, आणि नंतर टोचलेलं द्रव्य भलत्याच ग्रंथीकडे जाऊ शकतं. त्यात कानाजवळची जागा. तिथून लसिका कानापुढच्या लाळग्रंथीतल्या नोडकडेही जाते आणि मानेकडेही, म्हणून आधीच नकाशा काढून घेणं जास्तच गरजेचं. सर्जनना एवढंच म्हणा : "दोन्ही एकाच वेळी करता येईल का, आणि नोड शोधायची सोय इथे आहे का?" सोय नसेल तर ती असलेल्या ठिकाणी पाठवा म्हणून चिठ्ठी मागा. रेडिएशनच्या डॉक्टरांचीही भेट शस्त्रक्रियेआधीच घेऊन ठेवा, म्हणजे जखम भरल्यावर तारखेसाठी थांबावं लागणार नाही.

उंबरठा

उद्या सकाळीच फोन करतो. दोन्ही प्रश्न कागदावर लिहून घेतलेत.